गाड्यांची प्लॅस्टिक स्केल मॉडेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी येणारा पाहुणा काचेच्या कपाटापाशी थांबतो आणि साधारण हेच प्रश्न विचारतो. नव्याने किट घेतलेले मित्र रात्री अकराला फोन करून उरलेले विचारतात. दोघांसाठी ही उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत.

किटच्या खोक्यात नेमकं काय असतं?

तयार गाडी नसते. पॉलिस्टायरिन प्लॅस्टिकच्या चौकटी असतात, त्यांना स्प्रू म्हणतात. फांदीला कैऱ्या लटकाव्यात तसे गाडीचे सुटे भाग त्या चौकटीला लहानशा देठांनी धरलेले असतात. बॉडी बहुतेक वेळा एकसंध येते. शिवाय पारदर्शक काचा, मऊ काळे टायर, पाण्यात भिजवून लावायची डेकल (चिन्हांची, आकड्यांची पातळ चित्रं) आणि क्रमवार चित्रांचं माहितीपत्रक. रंग, डिंक आणि हत्यारं आपली आपण आणायची.

डायकास्ट गाडी धातूची, रंगवून तयार मिळते. तिचा संग्रह करणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे. पण किट जोडताना स्टिअरिंगचा दांडा कुठून जातो, मागचा अ‍ॅक्सल कशाला टांगलेला असतो, सायलेन्सर कुठे वळतो हे हाताला कळतं, आणि हाताला कळलेलं विसरत नाही. वीस वर्षं गाडी चालवून मला लीफ स्प्रिंग समजली नव्हती, ती एका जीपच्या किटने समजावली.

१/२४ आणि १/२५ असे दोन स्केल कशाला? मी कोणता घ्यावा?

१/२४ म्हणजे खऱ्या गाडीचा एक फूट मॉडेलवर अर्धा इंच. हिशोब सोपा, म्हणून जपानी आणि युरोपीय किट बहुतेक याच मापात येतात. १/२५ हे अमेरिकी माप. तिथे १९५० च्या आसपास मोटार कंपन्यांचे विक्रेते नव्या गाड्यांची छोटी प्लॅस्टिक मॉडेल जाहिरातीसाठी ठेवत, ती १/२५ मध्ये असत. ती बनवणाऱ्या एएमटीसारख्या कंपन्यांनी पुढे त्याच मापात किट काढली. १९५८ साली एएमटीने एकाच खोक्यातून तीन प्रकारे गाडी जोडता येईल अशी किट आणली: कारखान्यातून निघाली तशी, हौसेने सजवलेली, किंवा शर्यतीची. अमेरिकेतल्या मुलांच्या एका पिढीला या छंदाची गोडी तिथून लागली.

चार मीटरची गाडी १/२४ मध्ये साधारण पावणेसतरा सेंटिमीटर होते. जुनी मारुती ८०० याच मापात केली तर जेमतेम चौदा. फॉर्म्युला वनच्या गाड्या १/२० मध्ये जास्त मिळतात, आणि १/१२ ची मोठी किट ही अनुभवी हातांची कामं आहेत. एकच माप धरून राहिलात तर कपाटात गाड्या शेजारी शेजारी शोभतात. मी १/२४ धरलं, १/२५ ची एखादी मधे आली तरी डोळ्याला खुपत नाही.

पहिलं किट कोणतं?

ज्या गाडीवर तुमचा जीव आहे ती, हे खरं. पण त्यातल्या त्यात कमी भागांची. इंजिन नसलेल्या, बॉनेट न उघडणाऱ्या किटला छंदातले लोक ‘कर्बसाइड’ म्हणतात. पहिल्यासाठी तेच घ्या. तामिया या जपानी कंपनीची किट महाग वाटतात, पण भाग एकमेकांत इतके नेमके बसतात की नवशिक्याच्या चुका पोटात घालतात. स्वस्त म्हणून एखादं जुन्या साच्यातलं किट घेतलंत तर फटी भरण्यातच हौस संपेल.

लहान मुलांबरोबर बसायचं असेल तर आओशिमाची १/३२ मधली स्नॅप किट बघा. रंगीत प्लॅस्टिक, डिंक नाही, रंग नाही, दाबलं की बसतं. त्यात सुझुकी जिम्नीसुद्धा आहे.

ही सगळी किट जपानमधल्या एकाच गावातून येतात का?

जवळजवळ. शिझुओका हे शहर. तामिया, हासेगावा, फुजिमी, आओशिमा, चौघांचं मूळ तिथलं. या भागात लाकूडकामाची जुनी परंपरा होती, देवळांच्या बांधकामासाठी आलेले सुतार तिथेच स्थायिक झाले असं सांगतात. त्या लाकडातून आधी खेळणी आणि लाकडी मॉडेल आली, मग प्लॅस्टिक. तामियाची सुरुवात १९४६ साली लाकडाच्या गिरणीने झाली. त्यांचं पहिलं प्लॅस्टिक किट १९६० मध्ये आलं, ते यामातो युद्धनौकेचं. १९६७ मध्ये त्यांनी होंडाच्या आरए२७३ या फॉर्म्युला वन गाडीचं १/१२ मधलं किट काढलं. पुढे पोर्श ९३४ चं किट करायचं ठरलं तेव्हा त्यांनी खरी पोर्श ९११ विकत घेतली आणि माप घेण्यासाठी ती पूर्ण सुटी केली. किटच्या किमतीत काय काय असतं, असं कुणी विचारलं की मी हे सांगतो.

दरवर्षी मे महिन्यात शिझुओकाला मॉडेलचं मोठं प्रदर्शन भरतं. एकदा तिथे जायचं आहे.

भारतात मिळतं का? खर्च किती?

मिळतं. मोठ्या शहरांत मोजकी दुकानं आहेत, बाकी ऑनलाइन. परदेशातून मागवलंत तर टपालखर्च आणि सीमाशुल्क आधी धरा, खोक्यावरची किंमत ही निम्मीच गोष्ट असते. स्प्रेचे डबे ज्वालाग्राही असल्याने विमानाने येत नाहीत, त्यामुळे किट हातात आणि रंग नाही अशी वेळ येते. आधी रंग कुठे मिळेल ते बघा, मग किट घ्या.

हत्यारं काय काय लागतात?

भाग कापायला एक सपाट तोंडाचा चांगला निपर, धारदार कटर, बारीक टोकाचा चिमटा, ४०० पासून २००० पर्यंतचे वॉटर पेपर (आकडा मोठा तितका पेपर बारीक), मास्किंग टेप, कपड्यांचे चिमटे. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) पहिल्या दिवशी नको.

निपरवर मात्र पैसे घाला. भाग देठाला अगदी लागून कापू नका. थोडा देठ ठेवून कापा, मग दुसऱ्या खेपेला जवळून, आणि उरलेला ठिपका वॉटर पेपरने घासा. एकाच झटक्यात कापलं की देठाबरोबर भागाचाही कपचा निघतो आणि तिथे पांढरा डाग राहतो.

फेविक्विक चालेल का?

धातूच्या किंवा रेझिनच्या भागांना चालेल. प्लॅस्टिकला प्लॅस्टिक जोडायला नको, आणि काचेजवळ तर मुळीच नको. सुकताना त्याची वाफ निघते आणि पारदर्शक भागावर पांढरं धुकं धरतं, ते पुसून जात नाही.

प्लॅस्टिकसाठी पातळ सिमेंट मिळतं. तामियाचं हिरव्या झाकणाचं एक्स्ट्रा थिन माझ्या टेबलावर कायम असतं. दोन भाग एकमेकांना लावून धरायचे आणि सांध्यावर ब्रशचं टोक फक्त टेकवायचं. द्रव आपसूक फटीत धावतो, दोन्हीकडचं प्लॅस्टिक किंचित विरघळवतो आणि उडून जातो. चिकटत नाही, सांधलं जातं. खिडकी उघडी ठेवा, ही वाफ नाकात जाऊ देऊ नका.

आणि काचांसाठी? आपला साधा पांढरा फेव्हिकॉल. टूथपिकच्या टोकावर घेऊन कडेने लावा. वाळल्यावर पारदर्शक होतो, आणि बाहेर आला तर ओल्या कापडाने निघतो.

बॉडीचा रंग दुकानातल्या गाडीसारखा चमकत नाही. काय चुकतं?

बहुतेकांचं चुकतं ते रंग मारण्याआधी आणि मारल्यानंतर. मारताना फार काही चुकत नाही.

आधी काय? बॉडी भांडी घासायच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा, साच्यातून काढताना लागलेला तेलकटपणा जातो. मग उजेडात तिरकी धरा. मडगार्डच्या डोक्यावरून, छताच्या कडेवरून एक केसासारखी रेघ गेलेली दिसेल. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथली ती खूण. ती ६०० च्या पेपरने घालवा. खड्डा असेल तर लांबी (पुट्टी) भरा. दारांच्या आणि बॉनेटच्या रेघा कटरच्या मागच्या बाजूने हलक्या हाताने खोल करा, नाहीतर प्रायमर आणि तीन हात रंग बसल्यावर दार दिसेनासं होतं.

मग प्रायमर. लाल आणि पिवळा हे रंग झिरझिरीत असतात, खालचा रंग वर दिसतो. त्यांच्याखाली करडा प्रायमर मारलात तर लाल मळकट होईल. पांढरा किंवा गुलाबी मारा. किटचं प्लॅस्टिकच लाल असेल आणि गाडी पांढरी करायची असेल तर जपून, लाल रंग पाझरून वर गुलाबी झाक येते.

स्प्रेचा डबा कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा. कोमट म्हणजे हाताला सोसेल इतपतच, गॅसजवळ कधीही नाही. फवारा बारीक होतो. वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून पहिले दोन हात अगदी भुरभुर, खालचा रंग अर्धवट दिसत राहिला पाहिजे. दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. मग एक ओला हात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता, फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा.

आता नंतरचं. रंग तासाभरात हाताला लागत नाही, म्हणून तो वाळला असं वाटतं. वाळलेला असतो वरचा पापुद्रा. लोणचं घातल्या दिवशी खाता येतं, पण ते मुरलेलं नसतं, तसंच हे. रंग मुरू द्या. ओळखायची खूण सोपी आहे: बॉडी नाकाजवळ न्या. थिनरचा वास येतोय तोवर आतून ओला आहे. एका आठवड्याच्या आत मी पॉलिशला हात लावत नाही. मुरलेल्या रंगावर २००० चा पेपर पाण्यात भिजवून फिरवा, कडा सोडून. कडेवर रंग सर्वांत पातळ असतो, तिथे दोन फेऱ्यांत खालचा प्रायमर उघडा पडतो. मग पॉलिशचं कंपाउंड, मऊ सुती कापड, आणि छतात खिडकीचे गज दिसेपर्यंत हलके गोल हात.

पावसाळ्यात रंगवता येतं का?

लॅकर, म्हणजे थिनरमधला झटकन वाळणारा रंग, त्याचा स्प्रे तरी नको. दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर दवासारखी बसते आणि रंगात अडकते. चकचकीत काळ्या बॉडीवर साय धरल्यासारखं दिसतं.

माझी फोक्सवॅगन बीटल अशीच गेली होती. जुलैचा महिना, दोन दिवस उघडीप मिळाली म्हणून गॅलरीत रंगवायला घेतली. गडद निळा रंग, शेवटचा ओला हात सुरेख बसला होता. ती आत आणून दिवा लावला तर छतापासून बॉनेटपर्यंत दुधाळ पडदा. मी ती तशीच खोक्यात ठेवली. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाल्यावर त्यावर क्लिअरचा (बिनरंगी लॅकरचा) एक हलका हात दिला, आणि डोळ्यांदेखत पडदा विरत गेला, खालचा निळा वर आला. अडकलेला ओलावा नव्या थिनरबरोबर निघून जातो. त्यामुळे साय आली म्हणून लगेच रंग खरवडायला घेऊ नका.

आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ घेऊन ठेवा. साठ-पासष्टच्या खाली असेल तर रंगवा. कोकणात आणि मुंबईत जूनपासून सप्टेंबरपर्यंत हे जमणं कठीण, म्हणून ते चार महिने मी चॅसी, इंजिन आणि सीट ब्रशने ॲक्रिलिकने, म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या रंगाने, करतो. बॉड्या दिवाळीनंतर.

कोणता रंग कशावर चालतो?

खाली लॅकर, त्यावर ॲक्रिलिक, त्यावर इनॅमल, म्हणजे हळू वाळणारा तेलरंग. उलट नको. इनॅमलवर लॅकर मारलात तर खालचा रंग सुरकुततो. दारांच्या रेघांत सोडायचा पातळ इनॅमल रंग उघड्या प्लॅस्टिकवर लावू नका, ताण असलेल्या जागी प्लॅस्टिक तडकतं.

ओघळ आला, बोट लागलं. सगळं वाया गेलं?

नाही. हात लावू नका, हे पहिलं. तसंच मुरू द्या, मग ओघळ १००० च्या पेपरने ओला घासून सपाट करा आणि पुन्हा एक हात द्या. अगदीच बिघडलं तर बॉडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवा, रंग सुटतो आणि जुना टूथब्रश फिरवला की निघतो. जवळ ज्योत नको. माझ्याकडच्या एका मिनीचा हा तिसरा रंग आहे आणि ती कपाटात सर्वांत पुढे उभी आहे.

क्रोमचे भाग खेळण्यासारखे दिसतात

त्यावरचा मुलामा जरा जास्तच झगझगीत असतो, शिवाय देठ कापला तिथे पांढरं प्लॅस्टिक दिसतं. कपडे धुवायच्या ब्लीचमध्ये भाग ठेवला तर मुलामा निघून जातो. मग चकचकीत काळ्यावर क्रोम रंग द्या. काळा आरशासारखा झाला नसेल तर क्रोमही होणार नाही. लहान जागांना मोलोटोचं लिक्विड क्रोम पेन सोयीचं. मुलामा ठेवणार असाल तर जिथे चिकटवायचं तिथला खरवडा, सिमेंट त्यावर धरत नाही.

टायरलाही दोन मिनिटं द्या. जमिनीला टेकणारी बाजू वॉटर पेपरवर फिरवून चमक घालवा. गाडी एकदम चाललेली वाटते.

जुन्या किटची डेकल पिवळी पडलीत

झिपच्या पारदर्शक पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला आतून चिकटवा. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात पिवळेपणा बराच उतरतो. वापरण्याआधी कोपऱ्यातलं एखादं बिनकामाचं डेकल भिजवून बघा, तुकडे झाले तर बाकीच्यांवर आधी क्लिअरचा हात द्या. शर्यतीच्या गाड्यांच्या नव्या आवृत्त्यांत सिगारेट कंपन्यांची नावं नसतात. ती वेगळी विकत मिळतात.

आपल्या गाड्यांची किट का नाहीत? पद्मिनी, ॲम्बेसेडर, जिप्सी?

हा प्रश्न मला सर्वांत जवळचा आहे. पोलादी साचा कोरायला प्रचंड पैसा लागतो, आणि तो हजारो खोकी विकली तरच वसूल होतो. जपानी कंपन्या जपानमध्ये आणि अमेरिकेत काय खपेल ते बघतात. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली पद्मिनी त्यांच्या यादीत नाही. मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली, तेव्हा कपाटात तिची जागा रिकामी आहे हे मला फार लागलं.

पण वाट आहे. आपल्या कितीतरी गाड्या मुळात बाहेरच्या, त्यामुळे त्यांची भावंडं किटमध्ये सापडतात. महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. युद्धकाळातल्या विलीजचं किट इटालेरीचं १/२४ मध्ये आणि तामियाचं १/३५ मध्ये आहे. आपल्याकडे पुढे वर्षानुवर्षं धावली ती उंच बॉनेटची सीजे-३बी. तिच्यासाठी बॉनेट प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी उंच करावं लागतं, आणि समोरच्या जाळीतल्या नऊ फटींच्या जागी सात कराव्या लागतात. तालुक्याच्या गावाला दाराशी, मागच्या पायरीशी माणसं लटकवून जाणारी ती जीप ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे काम जड वाटणार नाही.

जिप्सीसाठी हासेगावाची १/२४ मधली सुझुकी जिम्नी जेए११ घ्या. ती आखूड आहे. १९८५ साली आलेल्या मारुती जिप्सीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर जास्त, या मापात सुमारे १४ मिलिमीटर. चॅसी मधून कापून तेवढी पट्टी घालायची आणि मागची बॉडी नव्याने बांधायची. माझी अर्धी झाली आहे. पद्मिनीसाठी थ्रीडी प्रिंट केलेली रेझिन बॉडी हाच सध्याचा मार्ग, आणि काही हौशी लोक त्यावर मनापासून मेहनत घेत आहेत.

किट न उघडता जपून ठेवावं की जोडावं?

जोडावं. बंद खोक्याची किंमत वाढेल या आशेने घेऊ नका, कंपनी त्याच साच्यातून पुन्हा किट काढते आणि भाव खाली येतो. ठेवायचंच असेल तरी खोकं एकदा उघडून टायर वेगळ्या पिशवीत घाला. टायर मऊ राहावेत म्हणून त्यात जे घातलेलं असतं ते कालांतराने पाझरतं आणि शेजारचं पॉलिस्टायरिन खातं. मी एकदा जुनं, दुर्मीळ, सीलबंद किट बरीच रक्कम मोजून घेतलं. उघडलं तर एक टायर समोरच्या काचेवर पडून राहिला होता. काचेत टायरच्या नक्षीसकट खळगा उतरला होता. विकणाऱ्यालाही हे ठाऊक असणं शक्य नव्हतं. तेव्हापासून जुनं किट घेताना आतले फोटो मागतो: काच, टायर, डेकल आणि छताचे खांब, चारही बघतो.

तयार गाड्या कशा ठेवायच्या?

काचेआड, थेट ऊन येणार नाही अशा जागी. धूळ मऊ मेकअप ब्रशने झाडा, कापडाने पुसू नका, वायपर आणि आरसे आधी जातात. जास्त दिवस एकाच जागी उभी राहणार असेल तर टायर रंगवलेल्या तळावर टेकू देऊ नका, वरचंच कारण.

भाग चिमट्यातून उडाला. आता?

उठू नका. पाय हलवू नका. आधी मांडी, मग शर्टाच्या घड्या, मग खुर्ची बघा. नाही मिळाला तर खोली अंधारी करून मोबाइलचा टॉर्च जमिनीला टेकवून आडवा फिरवा, बारीकशा आरशाचीसुद्धा लांब सावली पडते आणि भाग सापडतो. ॲप्रनची खालची टोकं टेबलाला टेपने चिकटवून बसलात तर बहुतेक भाग झोळीतच पडतात.

आणि हरवलेली अँटेना असेल तर शोधण्यात वेळ घालवू नका. रिकाम्या स्प्रूचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर धरून फिरवत राहा, मऊ होऊन वाकू लागला की बाजूला घेऊन दोन्ही हातांनी सावकाश ओढा. केसाइतकी बारीक, सरळ तार तयार होते. किटमधल्या अँटेनेपेक्षा चांगली.